वेताळ आणि मोहरीच्या पुड्या

घरात काहीतरी जमवण्याचं वेड शिरलंय हे ओळखायची खूण सोपी आहे. पाहुणा आला की घरची बाई तोंडभरून "बसा" म्हणते, पण कुठे ते सांगत नाही. पोलादपूरच्या आमच्या मित्राकडे गेलं की वहिनी असंच "बसा ना भावोजी" म्हणून चहा टाकायला आत वळतात. ओटीवर चार खुर्च्या. त्यातल्या तीन खुर्च्यांवर इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे, चौथीवर चांदोबा आणि झोपाळ्यावर किशोर मासिकाचे अंक. तो झोपाळा गेल्या कित्येक वर्षांत हललेला नाही. महाडहून वीसेक किलोमीटर एस.टी.त उभं राहून यायचं आणि इथे येऊन चहाही उभ्यानेच घ्यायचा.

मित्राचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तो या अंकाच्या दोन प्रती घेईल, एक वाचायला आणि एक ठेवायला. वाचायला घेतलेलीही शेवटी ठेवूनच देईल आणि वहिनी त्याचा हिशेब माझ्याकडे मागतील.

या सगळ्याचं मूळ शेंगदाण्यात आहे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पोलादपूरच्या बाजारात प्लास्टिकच्या पिशवीचं राज्य यायचं होतं. वाणी सगळा जिन्नस कागदात बांधून देई. डोक्यावर आढ्याला दोऱ्याचं रीळ टांगलेलं, त्याचं टोक खाली लोंबतं. वाणी कागदाचा सुळका करणार, माल ओतणार, दोऱ्याचे दोन वेढे देणार आणि झटका मारून तोडणार. एकदाही वर न बघता. या पुड्यांना लागणारी रद्दी मुंबईहून येई आणि तिच्यात काय निघेल याचा नेम नसे. कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका, उत्तरपत्रिका, कोर्टाचे कागद. हिंगाच्या पुडीवर आपल्याच भाऊबंदांच्या जमिनीचा निकाल वाचायला मिळाल्याची एक कथा आमच्याकडे अजून सांगतात.

तर आमच्या मित्राने चार आण्यांचे शेंगदाणे घेतले. दाणे संपले, कागद चुरगळून टाकणार एवढ्यात त्यात एक जांभळ्या कपड्यांतला बुरखेधारी माणूस दिसला. तो एका दाढीवाल्याच्या जबड्यावर ठोसा मारत होता. ठोसा बसला की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण नेमका जबडा वाण्याने कापलेल्या अर्ध्या भागात गेला होता.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या पुन्हा दुकानात. "शेंगदाणे द्या, पण कालच्या कागदातले." वाण्याने पहिल्यांदा वर बघितलं. व्यापारी माणूस तो. गिऱ्हाईक मालासाठी नाही, वेष्टनासाठी आलंय हे त्याला मोठमोठ्या कंपन्यांच्या कितीतरी आधी कळलं. त्या दिवसापासून शेंगदाणे वर्तमानपत्रात आणि तो बुरखेधारी, म्हणजे वेताळ, फक्त खवट फुटाण्यांवर. फुटाण्यांचं पोतं आठवड्यात खपलं.

मग घरी डाव सुरू झाले. "आई, मोहरी एकदम पाव किलो कशाला? पन्नास-पन्नास ग्रॅमच्या पाच पुड्या आणतो, ताजी राहील." मोहरी ताजी राहते हे आईने आयुष्यात प्रथम ऐकलं, पण पोरगं आपणहून बाजारात जातंय या आनंदात तिने हरकत घेतली नाही. पुड्या पाच आल्या. तीन कागदांवर एकच पान निघालं, म्हणजे वाण्याकडे एकाच अंकाच्या अनेक प्रती होत्या. 'डबल' हा संग्राहकाच्या जिवाला लागणारा घोर त्याला असा नवव्या वर्षी लागला. उरलेल्या पानांसाठी मग शेजारपाजार. "काकू, तुमच्याकडे काल जिरं आलं ना? त्याची पुडी आहे का?" काकू म्हणाल्या, "अरे, तुझा वेताळ सकाळीच बंबात गेला. पाणी छान तापलं हो."

असं करत करत एक अख्खी गोष्ट जवळजवळ जुळली. गव्हाच्या खळीने पानं चिकटवली. मुखपृष्ठ नव्हतं, ते जाड म्हणून वाण्याने त्यात गूळ बांधला होता. त्यामुळे अंकाचं नाव माहीत नाही, क्रमांक माहीत नाही. आणि शेवटचं पान नव्हतं. जे होतं त्याच्या अखेरच्या चौकटीत वेताळाला एका तळघरात बांधून घातलेलं, पाणी चढत चाललेलं, गळ्यापर्यंत आलेलं. पूर बघत आलेल्या महाडच्या माणसाला ही परिस्थिती काही अपरिचित नाही, पण आम्ही माळ्यावर चढतो. वेताळाचे हात बांधलेले होते. तो सुटला कसा?

या एका प्रश्नापायी आज माझ्या वहिनींना स्वतःच्या घरात खुर्ची नाही.

आता इंद्रजालविषयी दोन शब्द, कारण नव्या पिढीला हे नाव एखाद्या इंटरनेट कंपनीचं वाटतं. बेनेट कोलमन म्हणजे टाइम्सवाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ही मालिका काढली. वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. तिकडच्या वर्तमानपत्रांत तो १९३६ पासून पट्टीचित्रांतून ठोसे मारत होता. आपल्याकडे पहिले ३२ अंक एकट्या वेताळाचे निघाले, पुढे जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला, भगव्या कुडत्यातला आणि जीन्समधला आपला माणूस. अंकाची किंमत सुरुवातीला ६० पैसे. मासिक होतं त्याचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं, १९९० मध्ये बंद पडलं, तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते. कित्येक अंकांची मुखपृष्ठं गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली. आमच्या मित्राच्या मते आतल्या वेताळापेक्षा गोविंद यांचा मुखपृष्ठावरचा वेताळ जास्त तब्येतीचा आहे, आणि गोविंद मुंबईत बसून रंगवत असल्यामुळे हे साहजिकच आहे. मुंबईला गेलेला प्रत्येक जण पहिल्या वर्षी अंगाने भरतो.

वेताळ राहायचा डेंकालीच्या जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत. डेंकाली कुठे आहे असं पोलादपुरात कुणी विचारलं नाही. कशेडी घाटापलीकडे असेल, असा सर्वसाधारण समज होता. गुहा मात्र आम्ही शोधली. महाडजवळ मुंबई-गोवा रस्त्यावर गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. रविवारी डबे घेऊन तिथे चढायचो आणि प्रत्येक विहारात सिंहासन शोधायचो. सिंहासनं सापडली नाहीत, वटवाघळं सापडली. वेताळाच्या अंगठीची कवटी जबड्यावर उमटली की जन्मभर जात नाही, असं आम्ही वाचलं होतं. बटाटा कापून त्याचा ठसा केला आणि शाईत बुडवून वर्गातल्या निम्म्या जबड्यांवर उमटवला. मग गुरुजींनी आमच्या जबड्यांवर स्वतःची खूण उमटवली.

मित्राच्या आजीला वेताळाचं हे पुस्तक घरात नको होतं. वेताळ म्हणजे भुतांचा राजा, तो गावच्या शिवेवर असावा, पोराच्या उशाखाली नव्हे. अमावास्येला कॉमिक बाहेर वळचणीला ठेवायचं असा तिने दंडक घातला. खरं तर कोकणातला वेताळ राखणदारच. तिकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला नवसाच्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. म्हणजे काम दोघांचं एकच, एक घोड्यावरून करतो आणि एक पायी. हे मित्राने आजीला पटवायचा प्रयत्न केला. आजीने चष्मा लावून चित्र नीट न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "ह्यानं चड्डी वरनं का घातलीन?" याचं उत्तर ली फॉककडेही नसावं.

चांदोबातल्या वेताळावर मात्र आजीचा राग नव्हता. मद्रासहून निघणारा चांदोबा मराठीत १९५२ पासून येत होता आणि त्यातला वेताळ राजा विक्रमाच्या खांद्यावर लोंबकळत शास्त्रोक्त प्रश्न विचारायचा. शंकर या चित्रकाराने काढलेलं ते चित्र, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत, महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांना डोळे मिटून काढता येईल. एक वेताळ उत्तर मिळालं की उडून जाणार, दुसरा प्रश्नच न विचारता ठोसा मारणार. आमच्या मित्राच्या स्वभावात दोन्ही उतरले आहेत. प्रश्न तो दुसऱ्यांना विचारतो, आणि त्याला काही विचारलं की दिसेनासा होतो. विशेषतः किराणा आणायच्या वेळी.

अंक जमू लागले तसा ते ठेवायचे कुठे हा प्रश्न आला. कोकणात कोरडी जागा एकच, माळा. आणि माळ्यावर त्यांच्याआधी सुकी मासळी राहायला आलेली. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून बोंबील, सोडे, जवळा वर चढतो, शेजारी आठळ्या आणि कोकमं. त्यात वेताळाचा गठ्ठा. जूनमध्ये ओल धरली की कागद भोवतालचा वास मनापासून शोषून घेतो. सप्टेंबरात गठ्ठा खाली आला तेव्हा घरच्या मांजरीने मँड्रेकचा एक अंक तोंडात धरून परसात नेला आणि तिथे तिची घोर फसवणूक झाली. आजही ते जुने अंक हुंगले की पोटात भूक लागते. मित्राचा मुलगा पुण्यात संगणकाचं काम करतो. त्याने एकदा सुनावलं, "बाबा, हे सगळं लोकांनी स्कॅन करून ठेवलंय, एका पेनड्राइव्हमध्ये मावतं." बाबांनी शांतपणे विचारलं, "पेनड्राइव्हला बोंबलाचा वास येतो का?" मुलगा निरुत्तर झाला. वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर मला पेनड्राइव्हच बरा वाटतो."

आपल्या छंदाला भारदस्तपणा यावा म्हणून मित्र अधूनमधून पुण्याच्या केळकर संग्रहालयाचा दाखला देतो. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असं मिळेल ते जमवलं, हजारो वस्तू झाल्या, आणि आज लोक तिकीट काढून बघायला जातात. "उद्या आपल्याकडेही येतील." यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं आहे: "अडकित्त्याने सुपारी तरी कातरता येते."

जमवणाऱ्या माणसाला आकड्यांतली भोकं सहन होत नाहीत, हे मी त्याच्याकडेच शिकलो. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्र कथा सुरू केली. आमच्या मित्राकडे ती क्रमांक ११ पासून होती, 'कृष्ण'पासून. एक ते दहा कुठे मिळेनात. मुंबईच्या फाउंटनच्या फुटपाथवर नाही, माटुंग्याला नाही, पुण्याच्या जुन्या बाजारात नाही. कृष्णाआधीचे अंक म्हणजे दशावतारातले उरलेसुरले असणार, आणि ते महाडातल्या कुणी तरी दाबून ठेवलेत, असा त्याला दाट संशय होता. महाडकरांकडे तो त्या नजरेने बघायचाही. शेवटी कळलं की पहिले दहा क्रमांक सिंड्रेला, हिमगौरी वगैरे परदेशी परीकथांचे होते. अवतारांचा घोळ मिटला. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. त्याने सिंड्रेला शोधायला सुरुवात केली.

जुनी पुस्तकं विकत घेण्याचं त्याचं तंत्र बघण्यासारखं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात मी त्याच्याबरोबर गेलो आहे. हवा असलेला अंक दिसला की तो त्याच्याकडे पाठ करतो. आधी एक गंजलेला पाना उचलणार, त्याची किंमत विचारणार, घासाघीस करणार, नाक मुरडून ठेवणार. मग जाता जाता बुटाच्या टोकाने गठ्ठा ढकलून, "हे पोरांचं काय आहे? प्रवासात वाचायला बरं." विक्रेता त्याच्या डोळ्यांकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "काका, हे कलेक्शनचं आहे. पाना फुकट घेऊन जा." घरी असे बरेच पाने झाले आहेत. तो संग्रह वेगळा.

पोलादपूर तालुक्यात उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. त्यामुळे अमर चित्र कथेतला 'तानाजी' इकडे फार बारकाईने वाचला गेला. वर्गात "मालुसरे" अशी हाक मारली की अर्धी रांग उभी राहायची, आणि प्रत्येकाचा दावा असा की चित्रातल्या मिशा आमच्या थोरल्या काकांवरून काढल्यात. एका घरात तर तो अंक देवघरात ठेवलेला होता. मित्राने तो मागितला, बदल्यात दोन वेताळ आणि एक बहादूर देऊ केला. घरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "आमचा पणजोबा तू जादूगाराच्या बदल्यात मागतोस काय?" मँड्रेकचं तर नावही काढलं नव्हतं, पण मित्राने काढता पाय घेतला.

महाडकडच्या जमवणाऱ्यांची जात वेगळी. रायगड डोक्यावर असल्यामुळे इकडे शिवराईचं वेड. तांब्याचं ते नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पुढच्या काळात ती ठिकठिकाणी पाडली गेली आणि प्रत्येक टाकसाळीने शुद्धलेखनात आपली मतं मांडली, त्यामुळे एकाच नाण्याचे प्रकार मोजता मोजता आयुष्य जातं. शिवराईवाले कॉमिकवाल्यांना कमी लेखतात. आमच्या ओळखीचे एक शिवराईवाले या मित्राला तोंडावर म्हणाले, "तुझा कागद. आमचं नाणं पुरात बुडतं, पण भिजत नाही." हे मात्र खरं आहे, आणि महाडात बसून नाकारता येत नाही.

सावित्री, गांधारी आणि काळ अशा तीन नद्या महाडच्या उशा-पायथ्याशी. वर महाबळेश्वरला धो धो कोसळलं आणि त्याच वेळी खाडीला भरती असली की पाण्याला जायला वाट राहत नाही, मग ते बाजारपेठेत येतं. व्यापारी मंडळी जुलैत एक डोळा गल्ल्यावर आणि एक नदीवर ठेवून बसतात. २२ जुलै २०२१ ला आलेलं पाणी या सगळ्या हिशेबांच्या वर गेलं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि तिथे माणसं गेली. त्यापुढे कागदाचं दुःख बोलू नये, आणि आम्ही कुणी बोललोही नाही. पण पाणी ओसरल्यावर खालचं कपाट उघडलं तेव्हा माझ्या वीस-बावीस वर्षांच्या दिवाळी अंकांची एकसंध वीट निघाली. किल्लीने एक कोपरा उचकटला तर आतून फक्त एका सोनाराची जाहिरात शाबूत मिळाली. साहित्य विरघळतं, जाहिरात टिकते, हे संपादकांना ठाऊक असणार.

पोलादपूर त्यातल्या त्यात घाटाच्या अंगाला. मित्राने मोठ्या मनाने निरोप पाठवला की उरलेलं सगळं इकडे पाठव, माझ्याकडे वर सुरक्षित राहील. मी वरच्या माळ्यावरून वाचलेले दोन खोके पाठवले. त्यानंतर एकदा गेलो तर माझे अंक त्याच्या जाड वहीत शाईने नोंदलेले, क्रमांक घातलेले, नॅप्थालीनच्या गोळ्यांसह बांधलेले. मी हात लावला तर म्हणाला, "जपून, कसर लागते." कसर म्हणजे कागद खाणारा किडा. त्याने 'हाताची' हा शब्द गिळला, पण मला ऐकू आला.

आता मूळ प्रश्न. वेताळ सुटला कसा? आज त्याच्याकडे मराठी इंद्रजाल शेकड्यांनी आहेत. ती गोष्ट त्यांत असण्याची दाट शक्यता आहे. मी म्हटलं, एक रविवार काढू आणि सगळे उघडून बघू. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच तळघरात पाणी सोडलं होतं. "उघडायचे? पिना गंजल्यात. पान उलटलं की तुटतं." म्हणजे ज्या पानासाठी त्याने हे सगळं जमवलं, ते बहुधा त्याच्याच खुर्चीवर पडलेलं आहे आणि ते तो उघडणार नाही. जमवणारा वाचत नाही आणि वाचणारा जमवत नाही, एवढं माझं या विषयातलं पक्कं मत आहे. अपवाद आढळल्यास त्याच्या घरी बसायला खुर्ची मिळते का ते आधी तपासावं.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्या माळ्यावर जुने मराठी इंद्रजाल असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा चाळा. तळघर, हात बांधलेले, गळ्यापर्यंत पाणी अशी गोष्ट सापडली तर शेवट काय झाला तो मला पोस्टकार्डावर कळवा. अंक मात्र पोलादपूरला पाठवू नका. वहिनींनी झोपाळा रिकामा करायला घेतला आहे.